सुंभ, पीळ आणि खानदेशचं ऊन

विहिरीपासून केळीच्या मळ्यापर्यंत आमची पहिली पीव्हीसी पाइपलाइन पडली तेव्हा मी शाळेत होतो. तयार सॉकेटचे पाइप महाग, म्हणून साधे वीस फुटी नग आणले होते. बांधाला कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ केला. आबांनी पाइपाचं एक टोक जाळापासून वीतभर वर धरलं आणि भरताचं वांगं फिरवावं तसं सावकाश फिरवत राहिले. राखाडी प्लास्टिक आधी चकाकलं, मग लुळं पडलं. त्यात दुसऱ्या पाइपाचं टोक दाबून बसवलं, ओलं फडकं गुंडाळलं, दोन मिनिटांत सॉकेट तयार. फडकं भिजवून देणं हे माझं काम.

एक सॉकेट वाकडं बसलं. आबा म्हणाले, "काढ ते, पुन्हा शेकू." जोड सोडवून ते फुगवलेलं तोंड मी जाळावर धरलं. पाहता पाहता ते आकसायला लागलं. कोणी दाबलं नाही, ओढलं नाही, तरी मिनिटभरात पाइपाला पूर्वीचं सरळ तोंड आलं. फुगवटा होता की नव्हता असं वाटावं इतकं सरळ. मी पाइप आबांना दाखवला. ते हसले आणि म्हणाले, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली गत."

त्या गोष्टीला शास्त्रात नाव आहे हे मला फार उशिरा कळलं. आकारस्मृती. इंग्रजीवरून आपण शेप मेमरी म्हणतो. एखाद्या पदार्थाला एक मूळ आकार दिलेला असतो. तापवून त्याला दुसरा आकार द्यायचा, त्याच आकारात थंड करायचा, की तो तसाच राहतो. पुन्हा ठरावीक तापमानापर्यंत नेला की तो मूळ आकाराकडे परततो. जगभरच्या प्रयोगशाळांत आज असे पदार्थ मुद्दाम घडवले जातात. त्यांत कार्बनचे किंवा काचेचे तंतू घालून संमिश्रं केली जातात. उपग्रहाचे पंख उलगडायला, बिजागऱ्यांऐवजी, मोटारीऐवजी ती वापरायची असतात. या विषयावरचं वाचताना एक प्रश्न सारखा समोर येतो: उष्णतेच्या आणि थंडीच्या टोकांमध्ये हेलकावे खात राहिला तर या पदार्थाचा पीळ किती दिवस टिकेल? हा प्रश्न मला परका वाटला नाही. जळगाव आणि धुळ्यात राहणाऱ्या कोणालाही वाटू नये. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, जानेवारीत धुळ्याला पहाटे सहा-सात अंशांपर्यंत, कधी त्याच्याही खाली उतरतो, आणि मधल्या चार महिन्यांत हवा ओलीगच्च असते. शिवाय या दोन जिल्ह्यांइतकं प्लास्टिक उघड्या रानात, उघड्या उन्हात पसरलेला मुलूख महाराष्ट्रात शोधावा लागेल.

म्हणून मी जळगावहून साक्रीपर्यंत गेलो. एरंडोल, पारोळा, धुळे आणि पुढे, एकाच महामार्गाने. वाटेत जे पाहिलं, ज्यांच्याशी बोललो, आणि घरी येऊन जे पडताळून पाहिलं, ते इथे लिहितो.

गिरणेचा पूल ओलांडला की बांभोरी लागते. डाव्या-उजव्या हाताला प्लास्टिकच्या नळ्यांची भेंडोळी डोंगरासारखी रचलेली दिसतात. या डोंगरांची सुरुवात ज्यांनी केली ते भवरलाल जैन जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे, जन्म १९३७ चा. १९६३ मध्ये सात हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेलच्या व्यापाराने त्यांनी सुरुवात केली, १९८० मध्ये पीव्हीसी पाइपांचं उत्पादन आणि त्याच दशकाच्या अखेरीस ठिबक आणलं. २०१६ मध्ये ते गेले. ठिबकची मूळ कल्पना इस्राएलच्या सिम्का ब्लास यांची. तिथल्या हात्झेरीम किबुत्झने १९६५ मध्ये ती बाजारात आणली. पण ती नळी रावेर-यावलच्या केळीखाली गेली आणि तिने इथल्या शेतीचा नकाशा बदलला. पाण्याच्या हिशेबाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. नळीच्या हिशेबाबद्दल फार थोडं.

आधी पाइप. भारतीय मानक ४९८५ मध्ये पीव्हीसी पाइपाची एक चाचणी आहे. पाइपाचा तुकडा १५० अंशांच्या भट्टीत ठेवायचा आणि थंड झाल्यावर त्याची लांबी मोजायची. पाच टक्क्यांहून जास्त फरक पडला तर माल नापास. वरवर पाहता ही उष्णता सोसण्याची परीक्षा वाटते. खरं तर ती आठवणीची परीक्षा आहे. यंत्रातून पाइप ओढून काढताना त्याला जो ताण दिला गेला, तो थंड होताना आतच गोठून राहतो. तापवलं की तो ताण सुटतो आणि पाइप आपल्या मूळ लांबीकडे जायला बघतो. जितकी घाईत ओढ दिली असेल, तितका तो जास्त आकसतो. म्हणजे कारखानदार विचारतो आहे की या पाइपाच्या पोटात किती आठवण दडली आहे. पाच टक्क्यांच्या आत असेल तर चालेल.

हे घडतं कसं, ते समजायला पऱ्हाट्यांचा जाळ पुरे आहे. पीव्हीसीच्या आत लांबच लांब साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. सुमारे ८० अंशांच्या खाली त्या गोठलेल्या, जागच्या जागी. त्या तापमानाला काचसंक्रमण म्हणतात, कारण त्याच्या खाली पदार्थ काचेसारखा ताठ आणि वर रबरासारखा मऊ. आबांनी टोक शेकलं तेव्हा साखळ्या मोकळ्या झाल्या; दुसरा पाइप आत घुसला तेव्हा त्या ताणल्या; ओलं फडकं पडलं तेव्हा ताणलेल्या अवस्थेतच गोठल्या. मी पुन्हा शेकलं आणि गोठण सुटली. पण साखळ्यांमधल्या गाठी तशाच होत्या, त्यांनी साखळ्यांना परत ओढून घेतलं. सुंभातला पीळ म्हणजे या गाठी. त्या शाबूत आहेत तोवर पदार्थाला मूळ आठवतं. गाठी तुटल्या, सुटल्या, सरकल्या की आठवण पुसत जाते.

आणि गाठींचा शत्रू तीच उष्णता आहे, जी आठवण जागी करते. हा सगळा विषय या एका पेचाभोवती फिरतो.

महामार्ग सोडून यावलजवळच्या एका मळ्यात मी दोन दिवस मुक्काम केला. केळी नुकतीच लावलेली, अजून सावली धरलेली नव्हती. काळी ठिबकची नळी उघड्या जमिनीवर. पहाटे साडेपाचला ती सरळ, ताणलेली. दुपारी दोनला तीच नळी सापासारखी वळवळत पडलेली, ड्रीपर खोडापासून वीतभर बाजूला गेलेले. मळेकरी दादांना विचारलं तर म्हणाले, "दुपारी ती आळस देते, रात्री अंग आवरते." त्यांनी दोन्ही टोकांना जाणूनबुजून ढील सोडली होती. नवीन माणूस नळी दुपारच्या उन्हात ताणून बांधतो आणि पहाटे जॉइनर निसटलेला सापडतो, असंही त्यांनी सांगितलं.

हिशेब सोपा आहे. पॉलिथिलीनची नळी दर अंशाला दर मीटरला साधारण ०.२ मिलिमीटर वाढते. शंभर मीटरची ओळ आणि दिवसभरात नळीच्या अंगात ३५ अंशांचा फरक धरला तर वाढ सत्तर सेंटिमीटर. पहाटे आवरायची, दुपारी सोडायची, रोज. इथे एक गोष्ट आपण कायम विसरतो. वर्तमानपत्रात छापून येतो तो आकडा सावलीतल्या हवेचा. हवामान खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर असतो. उन्हातल्या काळ्या नळीचं तापमान वेगळंच. हातातल्या इन्फ्रारेड तापमापकाने मी पाहिलं तेव्हा नळीचा पृष्ठभाग साठीच्या पुढे होता. ठिबक चालू केलं आणि विहिरीचं गार पाणी आत गेलं की पाच-सात मिनिटांत नळी पुन्हा आखडून घेते. म्हणजे भर दुपारी पाणी सोडलं तर दिवसात दोन हेलकावे.

नळी काळी का, असं मला एका शहरी पाहुण्याने विचारलं होतं. पांढरी केली असती तर तापली नसती ना? तापली नसती, पण टिकलीही नसती. त्या काळेपणासाठी दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक म्हणजे काजळी घातलेली असते. काजळी सूर्याचे अतिनील किरण पिऊन टाकते आणि साखळ्या तुटण्यापासून वाचवते. म्हणजे किरणांपासून वाचण्यासाठी उष्णता पत्करलेली आहे. उष्णतेने होणारी झीज सावकाश असते, पण थांबत नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की बऱ्याच रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ ठोकताळा प्लास्टिकच्या ऑक्सिडीकरणालाही लावतात. केळीची पानं मोठी होऊन ओळीवर सावली धरतात तेव्हा नळीचं आयुष्यही वाढतं. हे दादांना ठाऊक होतं. म्हणून लागवडीआधी नळी आंथरून ठेवायची नाही, गुंडाळून शेडमध्ये ठेवायची, हा त्यांचा नेम.

एक अपवाद तेवढा. नवं भेंडोळं सोडलं की नळी वेटोळ्यातच राहते, सरळ होत नाही. मग ते तासभर उन्हात पसरवून ठेवतात, ती मऊ पडते आणि वेटोळं विसरते. कारखान्यात गुंडाळताना बसलेली आठवण उन्हाने पुसायची. इतकं अचूक तापमान-शास्त्र रानात रोज वापरलं जातं आणि कोणी त्याला शास्त्र म्हणत नाही.

पारोळ्याच्या अलीकडे एका मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात थांबलो. बोअरमधून काढलेली पाणबुडी मोटर, तिच्या केबलला जोड द्यायचा होता. वायरमनने तिन्ही तारा पिळल्या, डाग दिला, आणि प्रत्येकीवर काळी स्लीव्ह सरकवली. मग लायटरची ज्योत खालून फिरवली. स्लीव्ह आकसली आणि तारेच्या अंगाला चिकटून बसली. या स्लीव्हला तिथे सगळे नुसतं श्रिंक म्हणतात. उघड डोळ्यांनी पाहता येणारी, दहा-वीस रुपयांत मिळणारी ही आकारस्मृती आहे, आणि प्रयोगशाळेतल्या चुलतभावांपेक्षा तिचा अनुभव मोठा.

तिची जन्मकथाही ऐकण्यासारखी. १९५२ मध्ये आर्थर चार्ल्सबी या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने दाखवलं की किरणोत्साराचा मारा केला की पॉलिथिलीनच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या जोडल्या जातात. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात पॉल कुक यांनी रेकेम ही कंपनी काढली आणि या गुणावर धंदा उभा केला. नळी करायची, तिच्यावर इलेक्ट्रॉनचा मारा करून आत पक्क्या गाठी मारायच्या, मग तापवून फुगवायची आणि फुगलेल्या अवस्थेत थंड करायची. थंड होताना आत स्फटिक तयार होतात आणि ते फुगवटा धरून ठेवतात. लायटरची ज्योत लागली की स्फटिक वितळतात आणि गाठी नळीला मूळ मापावर ओढतात.

वायरमन भाऊ एक गोष्ट पोटतिडकीने सांगत होते. ज्योत एका जागी धरली तर तिथली स्लीव्ह करपते आणि बाजूची अर्धवट राहते. बाहेरून जोड बसल्यासारखा दिसतो, आत पाणी शिरायला वाट असते. आमच्याच बोअरला एकदा असं झालं होतं. भर एप्रिलात मोटर जळाली, केळी घडावर होती, आणि पाइप उपसून मोटर वर काढायला दोन दिवस गेले. जोड उघडला तेव्हा स्लीव्ह एका बाजूला काळी ठिक्कर आणि दुसऱ्या बाजूला सैल होती. तो जोड कोणी मारला हे सांगण्यात अर्थ नाही. उष्णता कमी पडली तर आठवण जागी होत नाही, जास्त झाली तर गाठीच जळतात. मधली पट्टी अरुंद आहे, आणि आमच्याकडच्या जोडकामात ती हाताच्या अंदाजावर सोडलेली आहे.

जळगावच्या एमआयडीसीतली चटई मी मुद्दाम शेवटच्या दिवसासाठी ठेवली होती, पण तिचं इथेच सांगतो. हे शहर प्लास्टिकच्या चटईसाठी देशभर ओळखलं जातं, इथली चटई परदेशातही जाते. पॉलिप्रॉपिलीनचा दाणा वितळवून त्याची बारीक पोकळ पट्टी ओढतात आणि मागावर विणतात. पॉलिप्रॉपिलीन उन्हाला पॉलिथिलीनपेक्षाही हळवं. त्याच्या साखळीतले काही हायड्रोजन सहज निसटतात आणि तिथून साखळी तुटायला लागते. गच्चीवर रात्री अंथरलेली चटई सकाळी उचलायची राहिली, असं दोन उन्हाळे झालं की हाताला तिचा भुगा लागतो. हे खानदेशातल्या प्रत्येक घराने पाहिलं आहे. पुनर्वापराचा दाणा असेल तर तो आधीच एकदोनदा भट्टीतून गेलेला असतो. प्रत्येक वितळण्यात साखळ्या थोड्या तोकड्या होतात, आणि बाहेरून नव्यासारखी दिसणारी चटई आतून तेवढी म्हातारी असते. चांगला कारखानदार त्यात साखळ्या तुटू न देणारा स्थिरक घालतो. स्वस्त चटईत तो घातलेला नसतो, आणि ते विकत घेताना कळण्याचा कोणताही मार्ग गिऱ्हाइकाकडे नाही. याचा मला मनापासून राग येतो. गरिबाच्या घरी चटई हे अंथरूण आहे.

इथपर्यंत एकेकट्या प्लास्टिकचं झालं. संमिश्राची गोष्ट वेगळी, आणि ती धुळ्याच्या पश्चिमेला आहे.

त्याआधी धाब्याचं घर आठवावं. खानदेशातल्या जुन्या धाब्यांच्या भिंतींत मातीमध्ये भुसा किंवा गवत तुडवलेलं असे. नुसती माती वाळताना तडकते. काडी तिला धरून ठेवते. संमिश्र म्हणजे हेच. एक पदार्थ भरणीचा, एक तंतूचा. आजच्या संमिश्रांत मातीच्या जागी इपॉक्सी नावाची राळ आणि काडीच्या जागी काचेचे किंवा कार्बनचे तंतू.

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. रस्त्यावरून त्या बारीक दिसतात. खाली उभं राहिलं की एकेका पात्याची लांबी उमगते. चाळीस मीटरच्या आसपास, काचतंतू आणि राळेचं, दोन कवचं एकमेकांना चिकटवून केलेलं. पवनचक्क्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात सर्वसाधारण हवेचं तापमान उणे १० ते ४० अंश धरलेलं आहे आणि टोकाचं उणे २० ते ५०. मे महिन्यातल्या आमच्या कितीतरी दुपारी ही ४० ची रेघ ओलांडतात. पाती फिकट रंगाची असतात त्याची जी कारणं आहेत, त्यांत ऊन परतवणं हे एक.

इथे एक विलक्षण गोष्ट आहे. इपॉक्सी राळ स्वतः आकारस्मृतीचा उत्तम पदार्थ आहे. आकारस्मृतीच्या संमिश्रांवरचं बरंचसं काम इपॉक्सीवरच झालं आहे. तिच्या साखळ्या पक्क्या गाठींच्या जाळ्यात बांधलेल्या असतात आणि काचसंक्रमणाच्या वर गेली की ती रबरासारखी वागते. पात्यांसाठीच्या राळेत हे तापमान साधारण ७० ते ९० अंशांच्या दरम्यान ठेवलेलं असतं. ज्या गुणासाठी उपग्रहवाले राळ निवडतात, तो गुण पात्यात कधीही जागा होऊ नये म्हणून पवनचक्कीवाले धडपडतात. मऊ पडलेलं पातं वाऱ्यापुढे वाकेल आणि मनोऱ्याला धडकेल. तापलेल्या पृष्ठभागात आणि त्या संक्रमणात जे अंतर उरतं, त्यावर पात्याची सुरक्षितता उभी.

आणि ते अंतर पावसाळ्यात कमी होतं. राळ थोडं पाणी पिते. एखाद-दोन टक्के ओल मुरली तरी तिचं काचसंक्रमण दहा-वीस अंशांनी खाली येऊ शकतं. पाणी साखळ्यांच्या मध्ये शिरून त्यांना निसरडं करतं. उन्हाळ्यापूर्वी ते बाष्प होऊन निघून गेलं तर बरं. पण ओल आणि उष्णता एकत्र आली, जशी सप्टेंबर-ऑक्टोबरात आमच्याकडे येते, तेव्हा राळ सर्वांत हळवी असते. नुसत्या मे महिन्याकडे बघणारा हे चुकतो.

तंतू आणि राळ यांची चाल वेगळी, हा दुसरा पेच. तापल्यावर राळ जेवढी पसरते त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास काच पसरते. कार्बनचा तंतू त्याच्या लांबीच्या दिशेने जवळपास पसरतच नाही, उलट किंचित आखडतोसुद्धा. एका जुवाला दोन वेगळ्या चालीचे बैल जुंपले की मानेला कांदा येतो. संमिश्रात तो कांदा तंतू आणि राळ जिथे भेटतात तिथे येतो. प्रत्येक दिवसाची चढउतार त्या सांध्याला थोडं घासते. आधी डोळ्यांना न दिसणारी भेग, मग भेगांच्या ओळी, मग एकमेकांपासून सुटणारे थर. गार पहाटे राळ ठिसूळ असते, तेव्हा भेग पडते. तापलेल्या दुपारी राळ सैल पडते, तेव्हा ती भेग उघडते. पावसाळ्यात पाणी तिच्यात शिरतं. खानदेशचे तीन ऋतू जणू आपसांत वाटणी करून एकच काम करतात.

आता आकाशातल्या संमिश्राकडे. आकारस्मृतीची ओळख जगाला धातूमुळे झाली. १९६० च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्युलर यांनी निकेल आणि टिटॅनियमचा मिश्रधातू घडवला. एका बैठकीत त्याची दुमडलेली पट्टी हातोहात फिरत होती. कोणी तिला पाइप पेटवायचा लायटर लावला आणि ती सरळ झाली. आज तीच तार जळगावच्या दंतवैद्याकडे मुलांच्या दातांवर बसते आणि तोंडाच्या उबेने दात ओढते. पण धातू जड आणि थोडासाच ताणला जाणारा. बहुलक (पॉलिमर) हलकं, कितीतरी पट दुमडता येणारं, पण हळुवार. परतताना फार जोर लावू शकत नाही. म्हणून त्यात कार्बनचे तंतू घातले. चीनमधल्या हार्बिनच्या तंत्रज्ञान संस्थेने अशा संमिश्राने उलगडणारा सौर पंख २०१९ च्या डिसेंबरात उडालेल्या शिजियान-२० उपग्रहावर बसवला आणि तो कक्षेत उलगडला.

पृथ्वीजवळच्या कक्षेत उपग्रह दिवसातून सोळा वेळा सावलीत जातो आणि उन्हात येतो. त्याच्या उघड्या भागांचं तापमान उणे शंभराच्या खाली आणि अधिक शंभराच्या वर जाऊ शकतं. वर्षाला ५,८०० हून जास्त हेलकावे. आमच्या ठिबकच्या नळीच्या वाट्याला वर्षाला किमान ३६५. टोकं वेगळी, गणना वेगळी, पण झिजण्याची रीत ओळखीची.

संशोधक दोन गोष्टी मोजतात. दिलेला तात्पुरता आकार पदार्थ किती नेमका धरून ठेवतो, आणि तापवल्यावर मूळ आकाराकडे किती परततो. पहिल्या काही फेऱ्यांत परतणं सर्वांत जास्त घटतं, मग ते बऱ्यापैकी स्थिरावतं. कच्च्या गाठी आधी सुटतात, पक्क्या उरतात. तंतू घातल्यावर एक नवी अडचण येते. दुमडलेल्या पट्टीच्या आतल्या बाजूचे तंतू दाबले जातात आणि राळ मऊ असताना बारीक लहरींसारखे वाकतात. तेवढ्यावर राहिलं तर उलगडताना पुन्हा सरळ होतात. फार घट्ट घडी घातली तर मोडतात, आणि मोडलेला तंतू परत जुळत नाही. साठवणीतही धोका आहे. घडी घातलेली वस्तू काचसंक्रमणाच्या जवळच्या तापमानात महिनोन्‌महिने पडून राहिली तर साखळ्या हळूहळू नव्या ठेवणीत रुळतात आणि परत यायची ओढ कमी होते. उपग्रह उडण्याआधी बराच काळ गोदामात असू शकतो. स्लीव्हच्या पुडक्यांवर गार जागी ठेवा असं लिहिलेलं असतं त्याचं कारण याच्याच नात्यातलं. आणि आमच्याकडे ती पुडकी पत्र्याच्या दुकानात, पत्र्याला लागून असलेल्या फळीवर असतात.

साक्रीजवळ शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे. सौर पॅनेलही संमिश्रच म्हणायचं: काच, सिलिकॉनच्या चकत्या, तांब्याच्या पट्ट्या आणि त्यांना धरून ठेवणारं पारदर्शक बहुलक, प्रत्येकाची पसरण्याची चाल निराळी. पॅनेल बाजारात येण्यापूर्वी त्याला उणे ४० ते ८५ अंशांमध्ये दोनशे फेऱ्या कराव्या लागतात आणि ८५ अंश, ८५ टक्के आर्द्रतेत हजार तास बसावं लागतं. चाचणी कडक आहे. पण दोनशे ही संख्या आमच्या एका वर्षाच्या दिवसांपेक्षा कमी आहे, आणि पॅनेलकडून पंचवीस वर्षांची अपेक्षा असते. टोक गाठून आलेला पदार्थ रोजचा जाच सोसेलच, हे गृहीत धरलेलं असतं. मला तिथेच शंका आहे. नळीत, चटईत, पात्यात मी पाहिलं ते असं की एका भयंकर दुपारीने क्वचितच काही मोडतं. मोडतं ते पहाट आणि दुपार यांच्यामधल्या अंतराने, पुन्हा पुन्हा.

जगात रंग, प्लास्टिक, संमिश्रं उघड्यावर ठेवून जुनी करण्याच्या दोन जागा प्रमाण मानल्या जातात. दमट उष्णतेसाठी दक्षिण फ्लोरिडा आणि कोरड्या उष्णतेसाठी अ‍ॅरिझोना. तिथे लोखंडी चौकटींवर हजारो नमुने वर्षानुवर्षं सूर्याकडे तोंड करून पडलेले असतात आणि त्यांच्यावरून जगभरच्या मालाची हमी ठरते. खानदेशात मे महिना अ‍ॅरिझोनासारखा, ऑगस्ट दमट, जानेवारीची पहाट बोचरी, आणि हे सगळं एकाच जागी, एकाच वर्षात. बांभोरीच्या शेजारीच कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा उजाड टेकड्यांचा परिसर आहे. पलीकडे कारखाने, अलीकडे रासायनिक तंत्रज्ञान शिकणारी मुलं. तिथल्या एका टेकडीवर अशा चौकटी उभ्या राहाव्यात, त्यावर पाइप, नळी, चटई, पात्याचे तुकडे, स्लीव्ह आणि उद्याची आकारस्मृतीची संमिश्रं दहा-दहा वर्षं पडून राहावीत, आणि त्यांची नोंद मराठीत, शेतकऱ्याला वाचता येईल अशी छापली जावी, असं मला फार वाटतं. पीव्हीसी पाइपावर छापलेला दाब २७ अंशांच्या पाण्यासाठी असतो आणि त्यापुढे, ४५ अंशांपर्यंत, तो कमी धरायचा असतो, हे मानकात आहे. ते वाक्य मी आजवर एकाही शेतात कोणाला माहीत असलेलं पाहिलं नाही. उघड्यावर पडलेल्या लाइनीत साचलेलं पाणी मे महिन्यात किती तापतं, हे मात्र प्रत्येकाला माहीत आहे. मोटर सुरू केल्यावर पहिल्या धारेखाली कोणी हात धरत नाही.

घरी परतल्यावर मी जुन्या विहिरीवर गेलो. ती लाइन केव्हाच बदलली आहे, पण बांधाच्या कडेला जुने तुकडे पडून होते. त्यांत एक आबांच्या हातचं सॉकेट सापडलं. निम्मं मातीत रुतलेलं, निम्मं इतकी वर्षं उन्हात. वरची बाजू पांढरट, खडूसारखी. खालची अजून राखाडी. ते धुऊन घरी आणलं. जाळावर धरायचा धीर झाला नाही, पीव्हीसीचा धूर वाईट. मोठ्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं. १०० अंश पुरे होते.

तुकडा आत सोडला. काही क्षण काही नाही. मग मातीतली बाजू हलली, आत वळली, आणि तीस-पस्तीस वर्षांनी आपल्या जुन्या मापाकडे निघाली. उन्हातली बाजू तिच्याबरोबर काही अंतर गेली आणि थांबली. त्या बाजूवर एक उभी चीर होती, ती उघडली. चिमट्याने बाहेर काढला तेव्हा तोंड गोल नव्हतं. एका अंगाला ते सरळ पाइपाचं झालं होतं, दुसऱ्या अंगाला आबांनी फुगवलं होतं तसंच राहिलं होतं.